केळीच्या सालीने नदी धुतली जात नाही

दर दोन-चार महिन्यांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फोटो फिरतो. दोन बाटल्या, डावीकडची निळीशार, उजवीकडची नितळ. मजकूर असा, की अमुक गावच्या कॉलेजातल्या संशोधकांनी केळीच्या सालीची पूड वापरून सांडपाण्यातला अठ्ठ्याण्णव टक्के रंग काढून टाकला. केळीच्या जागी कधी शेंगांची टरफलं असतात, कधी उसाचं चिपाड, नारळाची शेंडी, संत्र्याची साल, चहाचा चोथा. खाली टाळ्या, तिरंगा, आणि 'आपल्या पूर्वजांना हे केव्हाच ठाऊक होतं' असं कुणीतरी लिहितंच. मग दुसरा कुणी विचारतो, मंडळातर्फे याला काही मदत करता येईल का?

हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. त्याचा हेतू चांगला आहे आणि त्याच्याकडे डॉलर आहेत, म्हणून त्याला सावध करणं जास्त निकडीचं.

मी न्यू जर्सीत सांडपाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करते. तो फोटो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. बाटलीत जे दिसतं ते खरंच घडलेलं असतं. पण त्यावरून पंचगंगेबद्दल किंवा कासाडी नदीबद्दल जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे, आणि ज्यांनी रंगाच्या पाण्याची जबाबदारी घ्यायची त्यांची त्यामुळे आयती सोय होते.

आधी बाटलीतला निळा रंग कुठला ते पाहू. बहुतेक वेळा तो मिथिलीन ब्लू असतो. हाइनरिश कारो या जर्मन रसायनज्ञाने १८७६ मध्ये तो तयार केला. १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी तो हिवतापाच्या रुग्णांना देऊन पाहिला. आजही रक्ताच्या एका आजारावर तो औषध म्हणून वापरतात आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला वापरतात. मोठा गुणी रंग आहे. फक्त सुती टॉवेल, चादरी आणि टी-शर्ट रंगवायला तो आज कुणी वापरत नाही. कापूस त्याला धड धरून ठेवत नाही, उन्हात तो टिकत नाही.

मग प्रयोगशाळेत तोच का? कारण त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. वनस्पतीच्या कुठल्याही भागात सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असतं, आणि साध्या पाण्यात त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. धन आणि ऋण एकमेकांना धरतात. म्हणजे मिथिलीन ब्लूच्या पाण्यात तुम्ही साल टाका, पाला टाका, लाकडाचा भुसा टाका, जुना वर्तमानपत्राचा कागद टाका, थोडाफार रंग चिकटणारच. याला अधिशोषण म्हणतात. केळीची साल त्यात काही पराक्रम करत नाही.

सुती कापडाला आज प्रामुख्याने लागतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग. १९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 'प्रोसिऑन' नावाने ते बाजारात आणले आणि रंगाईचा धंदा पालटला, कारण हे रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध बांधतात; धुवून जात नाहीत. पण ते पाण्यात सहज विरघळावेत म्हणून त्यांच्या रेणूला सल्फोनेट गट जोडलेले असतात, आणि त्यांचा भार ऋण असतो. सालीचाही ऋण. आता चिकटायचं कुणी कुणाला?

शोधनिबंध लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह रंगावरचे जे निबंध आहेत त्यांत पाण्याचा सामू आधी दोनपर्यंत खाली आणतात, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट करतात. तेवढ्या आम्लात सालीचा भार उलटतो आणि रंग चिकटतो. पण डाइंग युनिटमधून निघणारं पाणी असतं अल्कधर्मी. रंगाच्या टाकीत सामू दहा-अकराच्या घरात असतो, कारण त्याशिवाय रंग धाग्याला धरत नाही. म्हणजे लाखो लिटर पाण्यात आधी आम्ल ओता, साल घाला, गाळा, मग नदीत सोडण्यापूर्वी पुन्हा अल्क ओतून सामू सातवर आणा. दोन्ही वेळा पाण्यात मीठच तयार होणार. निबंधात हे सगळं 'इष्टतम परिस्थिती' या दोन शब्दांत उरकलेलं असतं.

बरं, हेही सोडून देऊ. साल काम करते असं धरून चालू आणि सरळ हिशेब मांडू.

एक मध्यम आकाराचं प्रोसेस हाऊस धरा, दिवसाला दहा लाख लिटर पाणी सोडणारं. एका लिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम रंग धरा. म्हणजे रोजचा शंभर किलो रंग. एक ग्रॅम वाळलेल्या सालीच्या पुडीला वीस मिलिग्रॅम रिअ‍ॅक्टिव्ह रंग चिकटतो असं धरलं, आणि खऱ्या सांडपाण्यासाठी हे मी उदारपणे धरते आहे, तर रोज पाच टन कोरडी पूड लागेल. केळीच्या ताज्या सालीत दहापैकी नऊ भाग पाणीच असतं. म्हणजे पाच टन पुडीसाठी रोज पन्नास टन ताजी साल. एका युनिटला. रोज. रविवारी कारखाना बंद असेल तर सुट्टी.

ही साल आणणार कुठून? मंडळी लगेच म्हणतात, आपलं जळगाव आहे ना! जळगाव आहेच. पण जळगावातून केळी सालीसकट बाहेर जातात. साल निघते दिल्लीत, भोपाळमध्ये, मुंबईत लोकलच्या डब्यात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. जिथे केळी पिकतात तिथे सालीचा डोंगर नसतो. तो गोळा करायचा तर देशभरातून ओला कचरा वेगळा काढून कुजण्याआधी आणावा लागेल, आणि ज्या देशात ओला आणि सुका कचरा वेगळा करताना महापालिका मेटाकुटीला येतात तिथे हे होईल अशी कल्पना करायला फार मोठं मन लागतं. शिवाय त्या पन्नास टनांतलं पंचेचाळीस टन पाणी उडवायचं. पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात हे उन्हावर करून दाखवणाऱ्याला मी माझ्या खर्चाने फेटा बांधीन.

चिपाडाचं तर आणखी गमतीचं आहे. निबंधात त्याला 'टाकाऊ कृषी पदार्थ' म्हणतात. ज्यांनी साखर कारखाना पाहिला आहे त्यांना विचारा, चिपाड कोण टाकतं? ते बॉयलरमध्ये जातं, त्यावर वाफ होते, वीज होते, ती वीज विकली जाते. भाताचं तूस जळणात जातं, टरफलांच्या कांड्या होतात. आपल्याकडे गरिबीने फार थोड्या वस्तू टाकाऊ ठेवल्या आहेत.

समजा साल मिळाली, वाळली, रंगही चिकटला. आता तुमच्यासमोर रोजची पाच टन रंगीत पूड आहे, पाणी धरून बसलेली, म्हणजे वजनाने कितीतरी जास्त. रंग नाहीसा झालेला नाही, पाण्यातून सालीत गेला आहे. हा गाळ आता कुणाचा? जाळायचा तर ओला. शेतात टाकायचा तर रंगासकट. भारतातल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या यादीत आहे. त्यासाठी पैसे मोजून तो ठरलेल्या जागी पाठवावा लागतो. काही निबंधांत शेवटी एक ओळ असते, की साल अल्कात धुऊन पुन्हा वापरता येते. येते. धुतल्यावर रंग पुन्हा पाण्यात येतो, आधीपेक्षा दाट. आणि कच्च्या सालीतून साखर, टॅनिन, पेक्टिन पाण्यात उतरतं ते वेगळंच. निळं पाणी जाऊन चहासारखं पिवळट पाणी येतं आणि त्याची प्राणवायूची मागणी वाढते. फोटो त्याआधीच काढून घ्यावा.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि बाटलीच्या फोटोत तो दिसूच शकत नाही. मीठ.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यातून कापसाकडे ढकलायला मीठ लागतं, साधं मीठ किंवा सोडियम सल्फेट. गडद रंगाला एका लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त. एक किलो कापडाला आठ लिटर पाणी धरलं तर जवळपास अर्धा किलो मीठ. म्हणजे इथल्या दुकानातून तुम्ही आणता तो गर्द निळा, अर्ध्या किलोचा आंघोळीचा टॉवेल रंगवायला पाव किलो मीठ. त्यातला एक कणही टॉवेलात राहत नाही. सगळं पाण्यात. आणि जगातली कुठलीही साल, टरफल, शेंडी हे मीठ काढत नाही. काढूच शकत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने रंगापेक्षा हे मीठ वाईट. तिरुप्पूरच्या खाली नोय्यल नदीवर ओरत्तुपाळयम नावाचं धरण आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतीसाठी बांधलेलं. काही वर्षांत ते डाइंग युनिटांच्या सांडपाण्याचं तळं झालं. ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं त्यांनीच ते पाणी नको म्हटलं, कारण विहिरी खारावल्या आणि जमिनी गेल्या. आपल्या शिरोळ तालुक्यात आधीच अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. ज्यांचं गाव त्या बाजूला आहे त्यांना मिठाने पांढरी पडलेली जमीन म्हणजे काय हे मी सांगायला नको.

आता रंगाबद्दल एक गोष्ट जी ऐकायला विचित्र वाटेल. रंग हा सामान्य माणसाच्या बाजूचा एकमेव साक्षीदार आहे. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्यांना दिसतो. मीठ दिसत नाही, जड धातू दिसत नाहीत, रंगाचे रेणू तुटून होणारे अ‍ॅरोमॅटिक अमाइन दिसत नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला रस्त्यावरची कुत्री निळी झाली, जगभर फोटो छापून आले, आणि मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली. डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तेव्हा बातमी झाली. डोंबिवलीकरांनी त्याआधी कित्येक वर्षं वासाच्या तक्रारी केल्या होत्या. वासाचा फोटो येत नाही. आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ती मैलापाण्याने. त्या विषाणूला रंग नव्हता.

तेव्हा पाण्यातून फक्त रंग काढणारं, बाकी सगळं तसंच ठेवणारं स्वस्त तंत्र कुणाला सगळ्यांत आवडेल, याचा विचार करा.

हे निबंध इतके का निघतात, याचा दोष मी छोट्या कॉलेजातल्या प्राध्यापकांवर टाकणार नाही. २०१० नंतर बढतीसाठी निबंधांचे गुण मोजायची पद्धत आली. प्रयोगशाळेत पैसे नाहीत, यंत्रं नाहीत. मिथिलीन ब्लूची बाटली आहे, रंगमापक आहे, बाजारातून आणलेली केळी आहेत. प्रयोग आठवड्यात होतो, आलेख सुबक येतात. लँगम्युअरचं समीकरण १९१८ चं, फ्रॉइंडलिशचं त्याच्याही आधीचं. दोन्हींत आकडे बसवायचे, एक कुठलं तरी बरं बसतंच. साल बदलली की नवा निबंध. यात शिकणाऱ्या मुलांना अधिशोषण म्हणजे काय हे कळतं, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे. पण निबंधाच्या शेवटी 'कापड उद्योगासाठी स्वस्त व पर्यावरणस्नेही पर्याय' हे वाक्य येतं, तिथे मला राग येतो. कापड उद्योगाच्या नळाखाली त्यांनी बाटली धरलेलीच नसते. रंग त्यांनीच ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेला असतो आणि त्यांनीच काढलेला असतो.

इथली आपली मुलंही तेच करतात. मी शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाते आणि दर वर्षी एखाद-दुसरी साल भेटतेच. मुलं हुशार असतात, फलक देखणा असतो, पहिल्या परिच्छेदात भारतातल्या नद्यांची दुर्दशा असते. मी विचारते, या गाळाचं काय करणार? मुलगा आईकडे बघतो. आई माझ्याकडे अशी बघते, की मराठी असून हिने असं विचारावं!

वनस्पतींशी माझं वैर नाही. शेवग्याच्या बियांत धन भाराची प्रथिनं असतात, त्यामुळे ऋण भाराचा गढूळपणा आणि ऋण भाराचे रंग त्या खाली बसवू शकतात. सामिया अल अझारिया यान यांनी सुदानमध्ये गावच्या बायका गढूळ नाइलचं पाणी या बियांनी कसं निवळतात याचा फार सुंदर अभ्यास केला आहे. ते पिण्याच्या पाण्याच्या रांजणापुरतं आहे आणि तिथे ते खरंच उपयोगी आहे. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा जगभर पिण्याच्या पाण्याच्या गाळण्यांत असतो. तुमच्या फ्रिजमधल्या फिल्टरमध्येही बहुधा तोच असेल. पण तो बनवायला भट्टी लागते, वाफ लागते, पैसा लागतो. आणि त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की रंगाच्या मोठ्या रेणूंसाठी दुसऱ्या प्रकारचा कोळसा बरा पडतो. तंत्र म्हटलं की असे तपशील येतात. चार हंडे पाणी वापरणाऱ्या, हाताने ठसे मारणाऱ्या छोट्या कारागिराला वाळू-कोळशाची साधी गाळणी देणं, हेही मला मान्य आहे. मात्र ते दहा लाख लिटरवर नेऊ नका.

आणि पूर्वजांचं म्हणाल तर निवळी आपल्याला खरंच माहीत होती. घागरीच्या आतल्या बाजूला निवळीचं बी उगाळायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा, हे पुष्कळांच्या आजीने केलेलं असेल. मनुस्मृतीतून काही उचलावं अशी माझी जातकुळी नाही. पण तिच्या सहाव्या अध्यायात निवळीचा एक उल्लेख आहे, आणि तो पूर्वजांचा दाखला देणाऱ्यांनी जरूर वाचावा. त्याचा आशय असा, की निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही.

मग करायचं काय? रंग पाण्यात जाऊच न देण्याचे मार्ग डाइंगवाल्यांना माहीत आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा दहापैकी सहा ते आठ भागच कापडाला धरतो, उरलेला पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो. दोन हात असलेले नवे रंग याहून जास्त धरतात. कोल्ड पॅड बॅच नावाची पद्धत आहे: कापडाला रंग आणि अल्क एकत्र पाजायचे, गुंडाळी करून रात्रभर फिरत ठेवायची. तिला मीठ लागत नाही, पाणीही कमी लागतं. कापसाच्या धाग्यालाच आधी धन भार देण्याची पद्धत आहे, म्हणजे रंग स्वतःहून धाग्याकडे जातो. सालीवर जो भाराचा खेळ आपण शेवटी खेळतो तो सुरुवातीला, कापडावरच खेळायचा. त्यालाही रसायनं लागतात, त्याच्याही अडचणी आहेत, पण निदान प्रश्न योग्य टोकाकडून धरलेला आहे.

उरलेल्या पाण्यासाठी तिरुप्पूरकडे बघा. नोय्यलकाठच्या शेतकऱ्यांच्या संघटनेने कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या वर डाइंग युनिटं बंद करायला लावली: पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडणार नाही अशी यंत्रणा बसवा, मग सुरू करा. जीवाणूंची टाकी, मग आरओ, मग उरलेलं खारं पाणी आटवायचं, मीठ काढून पुन्हा रंगाईत वापरायचं. महाग आहे. वीज खातं. मिश्र मिठाचे ढीग साठून राहिले आहेत, छोटी युनिटं बुडाली, काही काम दुसऱ्या गावांकडे सरकलं. मी त्याला स्वर्ग म्हणत नाही. पण तिथे मीठ मोजलं गेलं, आणि ते कुणाच्या खर्चाने काढायचं हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. आपल्याकडे पंचगंगेच्या काठी वसलेलं शहर पिण्यासाठी कृष्णेचं पाणी आणतं, दूधगंगेचं मागतं, आणि त्यावरून वरची गावं आणि खालचं शहर एकमेकांवर उठतात. पंचगंगेची सगळी घाण रंगाची नाही हे खरं; मैलापाणी आहे, साखर कारखाने आहेत. पण स्वतःची नदी सोडून शेजाऱ्याची नदी मागायची वेळ येते, तेव्हा केळीच्या सालीवर चर्चा करायला जरा लाज वाटावी.

खर्च कुणी करायचा या प्रश्नात आपण इथे बसलेले लोकही येतो. अमेरिकेत विकले जाणारे सुती टॉवेल आणि चादरी पुरवण्यात भारत अगदी वरच्या जागी आहे. सेलमध्ये चार डॉलरला मिळणाऱ्या टॉवेलच्या किमतीत मीठ काढण्याचा खर्च कुठे बसतो, ते शोधून पाहा. कंपन्या आपल्या पुरवठादारांची यादी देतात तेव्हा त्यात बहुधा शिवण करणारा कारखाना असतो. रंगवणारा कोण, हे फार कमी जण सांगतात. २०११ मध्ये ग्रीनपीसने डिटॉक्स मोहीम काढली, दुकानांसमोर गिऱ्हाइकांनी प्रश्न विचारले, तेव्हा काही मोठ्या कंपन्या हलल्या. त्या गिऱ्हाइकाच्या रांगेत आपणही उभे असतो.

न्यू जर्सीकरांना तर हे विसरायची मुभाच नाही. एडिसनहून दक्षिणेला तासाभरावर टॉम्स रिव्हर आहे. सीबाचा रंगांचा कारखाना तिथे १९५२ मध्ये सुरू झाला. आधी सांडपाणी जमिनीत आणि नदीत जायचं, १९६६ पासून दहा मैलांची पाइपलाइन टाकून थेट समुद्रात. आपण उन्हाळ्यात मुलांना घेऊन ज्या सीसाईड हाइट्सला जातो त्याच किनाऱ्यावर. १९८४ मध्ये पाइप फुटला आणि लोकांना कळलं की आपल्या पायाखालून काय वाहतं आहे. पुढे त्या गावात लहान मुलांच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं. २००१ मध्ये ६९ कुटुंबांशी कंपन्यांनी दोष मान्य न करता तडजोड केली. डॅन फॅगिन यांच्या या विषयावरच्या पुस्तकाला २०१४ मध्ये पुलित्झर मिळालं. कारखाना गेला, जमिनीखालचं पाणी उपसून शुद्ध करायचं काम अजून चालू आहे. आणि रंग बनवायचा धंदा? तो बराचसा आशियात आला: वापी, अंकलेश्वर, आपली एमआयडीसी.

टॉम्स रिव्हरच्या आईबापांनी विहिरींच्या पाण्याच्या चाचण्या मागितल्या, सरकारी आरोग्य खात्याला अभ्यास करायला लावलं, वकील गाठले. त्यांना कुणी केळीची साल सुचवली नाही. सुचवली असती तर त्यांनी अपमान मानला असता. मग इचलकरंजीच्या, डोंबिवलीच्या माणसाला ती सुचवताना आपल्याला त्यात कौतुक कसं काय वाटतं?

म्हणून मंडळाकडे असा प्रस्ताव पुन्हा आला तर पैसे देण्याआधी अर्जदाराला एवढं विचारा. प्रयोग खऱ्या सांडपाण्यावर केला का, आणि ते कुठल्या नाल्यातून, कोणत्या दिवशी घेतलं? पाण्यातलं मीठ आधी किती होतं आणि नंतर किती? दहा लाख लिटरला किती पूड लागेल, आणि वापरलेली पूड कुठे जाईल, त्याचा खर्च कुणी उचलायचा? समाधानकारक उत्तरं आली तर माझा चेक पहिला. नाही आली, तर तेच पैसे नदीकाठच्या एखाद्या शाळेला द्या: महिन्यातून दोनदा नाल्याच्या तोंडाशी आणि गावाच्या विहिरीत क्षार मोजायचे, वहीत तारखेसह लिहायचे, वर्षातून एकदा चांगल्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यायचं, आणि ती वही ग्रामसभेत वाचायची. क्षार मोजायचं खिशातलं यंत्र इथे वीस डॉलरच्या आत मिळतं. पुढच्या डिसेंबरात जे गावी जाणार आहेत त्यांच्या बॅगेत मावेल. पहिली दहा माझ्याकडून.